फलाफल कुणाचं आणि मलिदा कुणाचा? इस्रायलमधल्या स्वयंपाकघरातून उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तुम्ही अन्नसंस्कृतीवर प्रबंध लिहिताय. फलाफलचे तळलेले वडे आणि हमस ही हरभऱ्याची चटणी अरबांकडची, तळलेल्या मांसाच्या पातळ कापाचं श्निट्झेल व्हिएन्नाचं, टोमॅटो-अंड्याची शकशुका उत्तर आफ्रिकेची, मग इस्रायलचं स्वतःचं असं खाणं उरतं काय, असं तुमच्या मार्गदर्शकांनी विचारलं. आणि शेवटी तुम्ही जोडलंत की कोकणातल्या ज्यू, म्हणजे बेने इस्रायली लोकांचा मलिदा (नवसाचे गोड पोहे) भारतीय पदार्थांत धरू की ज्यू पदार्थांत?

माझं माहेर पेणचं. लग्न होऊन इस्रायलला आले, अश्दोदला राहते आणि इथे लग्नं, मुंजीसारखा असतो तो बार मिट्झवा, मलिदे यांची जेवणं करून देते. विद्यापीठाशी माझा संबंध नाही, पण वेगवेगळ्या देशांतून आलेली दोन घराणी एका पंगतीला बसवायची म्हटलं की तुमचा प्रश्न माझ्यासमोर रोजच येतो. त्यामुळे थोडं लांबलं तरी सविस्तर सांगते.

माझ्या मते प्रश्नाची मांडणीच अवघड जागी नेणारी आहे. पदार्थ कुठून आला हे शोधणं फारसं कठीण नसतं. ते प्रामाणिकपणे सांगितलंच पाहिजे, त्यावर पुढे येतेच. पण उगम सांगितला की ओळखीचा प्रश्न सुटतो असं नाही. आपली उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. म्हणून एकादशीची खिचडी मराठी नाही असं कुणी म्हणेल का? तिला मराठी करते ती एकादशी, आणि त्या दिवशी काय चालतं आणि काय चालत नाही हा घराघरातला नियम. ज्यू लोकांच्या खाण्याकडेही मी असंच बघते. पदार्थ दुय्यम, नियम आणि पंचांग आधी. ते नियम पाळत किंवा मुद्दाम मोडत लोक एकमेकांना ओळखतात. राष्ट्र झाल्यावर सरकारने त्यावर आपला थर चढवला.

हे उत्तर कुणाला विचारता त्यावर बदलेल, हेही मान्य करते. बने ब्राकमधल्या कर्मठ घरात एक उत्तर मिळेल, तेल अवीवच्या समुद्रावर कोळंबी खाणाऱ्या ज्यू तरुणाकडून दुसरं. न्यूयॉर्कमधल्या ज्यू आजीला हमसबद्दल फारसं काही वाटणार नाही, तिचं मन चिकन सूपमध्ये. आणि इस्रायलच्या नागरिकांपैकी सुमारे एक पंचमांश अरब आहेत. त्यांचं उत्तर तर या सगळ्यांपेक्षा वेगळं, आणि ते ऐकल्याशिवाय तुमचा प्रबंध अपुरा राहील. मी बोलतेय ती भारतातून आलेली, सण पाळणारी, स्वयंपाकावर पोट असलेली बाई म्हणून.

आता कामाचं बघू. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं माझ्याकडे येऊन बसतात. समजा मुलगी आपली, अलिबागकडच्या घराण्यातली, आणि मुलगा मोरोक्कोहून आलेल्यांपैकी. दोघांच्या आजीआजोबांना एकमेकांची भाषा येत नव्हती, चालीरीती वेगळ्या. तरी माझा पहिला प्रश्न दोघांनाही सारखाच कळतो: जेवण मांसाचं की दुधाचं? 'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस' ही आज्ञा तोरा या आमच्या धर्मग्रंथात तीन वेळा आली आहे. त्यावरून मांस आणि दूध एका जेवणात आणायचं नाही, भांडी वेगळी, धुण्याच्या जागा वेगळ्या, हा सगळा व्याप उभा राहिला. ज्यात मांसही नाही आणि दूधही नाही ते पार्वे: भाज्या, धान्य, फळं, अंडी, मासे. मासा खवल्याचा आणि पराचा हवा, म्हणून पापलेट, रावस, सुरमई चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत.

या एका नियमाने आमच्या कोकणातल्या स्वयंपाकाला कसं वळण दिलं ते बघा. शेजारपाजारी मटण दह्यात मुरवत, आमच्याकडे ते शक्यच नव्हतं. पण नारळ हाताशी होता. नारळाचं दूध पार्वे, त्यामुळे मटणाच्या रश्श्यात ते बिनधास्त पडायचं, आणि मटणाच्या जेवणानंतरचं गोडही त्यातच व्हायचं. रोश हशाना म्हणजे ज्यू नववर्ष. त्याला आमच्याकडे चिकाचा हलवा हवाच. गहू काही दिवस भिजत घालायचे, वाटायचे, फडक्यातून पिळून पांढरा चीक काढायचा. मग तो नारळाचं दूध, साखर आणि चायना ग्रास घालून मोठ्या पातेल्यात शिजवायचा. ढवळणं थांबवायचं नाही. हात भरून येतात, एकीने दुसरीला डाव द्यायचा. मिश्रण पातेल्याच्या कडा सोडायला लागलं की ताटात ओतून वर बदाम-पिस्त्यांचे काप, आणि गार झाल्यावर वड्या. इथे आल्यावर बहुतेक जणी गव्हाच्या चिकाऐवजी कॉर्नफ्लॉवर आणि डब्यातलं नारळाचं दूध वापरतात, मीही मोठ्या ऑर्डरला तेच करते. चव थोडी उतरते. पण जेवण मांसाचं असलं तरी हलवा पानात येऊ शकतो, आणि तीच त्याची खरी ओळख आहे. कोकणातल्या नारळाला ज्यू कायद्याने दिलेलं काम म्हणजे तो हलवा.

या जेवणांवर धर्मखात्याचा एक निरीक्षक असतो, त्याला मशगियाह म्हणतात. तो येतो, चूल पेटवतो, कोथिंबीर-पुदिन्याच्या जुड्या पाण्यात बुडवून उजेडात धरून किडे बघतो, अंडं फोडल्यावर त्यात रक्ताचा ठिपका नाही ना हे बघायला लावतो. त्याच्या दाखल्याशिवाय निम्मे पाहुणे जेवणार नाहीत. म्हणून तुमच्या प्रबंधात पदार्थांच्या याद्या करण्याआधी हा माणूस आणि त्याचा दाखला आणा, असं मी सुचवेन. मोरोक्कन विहीणबाई आणि आपल्या अलिबागच्या बाई पहिल्यांदा एकमत होतात ते त्याच्यासमोर. दुसऱ्यांदा होतात ते शुक्रवारच्या माशावर. त्यांच्याकडे लाल मिरची, लसूण, हरभरे आणि भरपूर कोथिंबीर घातलेला मासा, आपल्याकडे नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण. दोन्ही तिखट, दोन्ही शुक्रवारी रात्रीचे, शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतानाचे. मी दोन्ही ठेवते, आणि मटण वाढण्याआधी माशाची ताटं उचलायची ही रीतही दोन्हीकडे सारखीच.

दुसरा नियम घड्याळाचा. शुक्रवारी सूर्यास्तानंतर शनिवारी रात्र पडेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही. मग शनिवारी दुपारी गरम जेवायचं कसं? जगभरच्या ज्यू बायकांनी यावर एकच तोड काढली: भांडं शुक्रवारीच मंद आचेवर ठेवून द्यायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. पोलंडकडच्यांनी त्यात घेवडा, जव, बटाटे, मांस घातलं, त्याला चोलंट म्हणतात. मोरोक्कोच्या लोकांचं स्खीना, त्यात गहू, हरभरे आणि सालासकट अंडी. बगदादच्या लोकांनी तांदूळ आणि कोंबडी घातली, ते त'बीत. येमेनच्या लोकांनी लोणी किंवा तूप लावून गुंडाळलेल्या पिठाच्या सुरळ्या रात्रभर भाजत ठेवल्या. ते जाखनून किसलेल्या टोमॅटोबरोबर आणि हिरव्या मिरचीच्या झुगबरोबर खातात. चवीत एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, पण भांडी एकाच वेळी चुलीवर चढली आणि एकाच वेळी उतरली. तुमच्या मार्गदर्शकांना 'स्वतःचं काय' याचं उत्तर हवं असेल तर मी या रात्रभरच्या भांड्याकडे बोट दाखवेन. हे कुणाकडून घेतलेलं नाही, शब्बाथमधूनच निघालं आहे.

यातून एक गोष्ट मराठी वाचकाला खास जवळची वाटेल. इराकचे ज्यू शनिवारी सकाळी आदल्या दिवशी तळून ठेवलेली वांगी आणि रात्रभर उकडलेली अंडी खात. इस्रायलला आल्यावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रामात गानमध्ये हा नाश्ता पावात भरून विकायला लागले, तोच साबिख. आज तो देशभर मिळतो. त्यावर पिवळा, मेथीचा उग्र वास असलेला आंब्याचा सॉस घालतात, आणि त्याचं नाव 'अंबा'. बगदादी व्यापाऱ्यांचा मुंबईशी असलेला व्यवहार हा त्यामागचा दुवा. कैरी, हळद, मेथी, मोहरी, मीठ. मुंबईहून बसऱ्याला, बगदादला आणि तिथून निर्वासितांबरोबर तेल अवीवजवळच्या एका गाडीवर. हा पदार्थ इस्रायली आहे का? माझ्या मते आहे, कारण इराकी, पोलिश, येमेनी सगळे तो शनिवारचा म्हणून ओळखतात आणि बुधवारी रस्त्यात उभं राहून खातात.

आता सरकारचा थर. राज्य स्थापन होण्याआधीच खाण्याला राष्ट्रकार्य मानलं गेलं होतं. १९३६ साली विझो या स्त्री-संघटनेने डॉ. एर्ना मायर यांचं पाककृतींचं पुस्तक हिब्रू, जर्मन आणि इंग्रजीत काढलं. युरोपातून आलेल्या बायकांनी जड युरोपीय स्वयंपाक सोडावा, इथल्या हवेला शोभतील अशा भाज्या, ऑलिव्हचं तेल, वांगी वापरावीत, इथला माल घ्यावा, हा त्यामागचा आग्रह. शेतावरच्या किबुट्झ वसाहतींत घरोघरी चूल नव्हतीच, सामाईक भोजनगृह असायचं. पहाटे शेतावर जाऊन आलेली माणसं सकाळी काकडी, टोमॅटो, कांदा, अंडी, चीज घेऊन बसायची आणि स्वतःच्या ताटात बारीक चिरून सॅलड करायची. आज हॉटेलांत 'इस्रायली नाश्ता' म्हणून जे मांडतात त्याचं मूळ तिथे आहे. त्या बारीक चिरलेल्या सॅलडला इथे कित्येक जण अजूनही 'अरबी सॅलड'च म्हणतात.

१९४७ साली बेन-गुरियन (पुढे देशाचे पहिले पंतप्रधान) आणि राज्य होण्याआधी तिथल्या ज्यूंचा कारभार बघणारी ज्यू एजन्सी यांनी कर्मठ पक्षाला पत्र देऊन मान्य केलं की होणाऱ्या राज्याची सरकारी स्वयंपाकघरं कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारी असतील. त्यातली सर्वांत मोठी म्हणजे सैन्याची. अठरा वर्षांची मुलं-मुली, कुणी धार्मिक, कुणी न मानणारी, कुणी मोरोक्कोचे, कुणी रोमानियाचे, सगळे एकाच कढईतलं जेवू लागले. उत्तर आफ्रिकेची शकशुका, म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यात सोडलेली अंडी, देशभर पोचली त्यात लष्करी स्वयंपाकघरांचा मोठा हात आहे: स्वस्त, झटपट, मांस नाही, मोठ्या तव्यात शंभर जणांचं होतं. कारण ऐकून मला नेहमी बरं वाटतं, कारण मोठ्या पंगतीचं गणित मलाही असंच मांडावं लागतं.

आणि मग टंचाई. १९४८ मध्ये देशात साडेसहा लाखांच्या आसपास ज्यू होते. १९५१ च्या अखेरपर्यंत जवळपास सात लाख आणखी आले. म्हणजे साडेतीन वर्षांत खाणारी तोंडं दुप्पट. १९४९ मध्ये डोव योसेफ या मंत्र्यांनी रेशनिंग सुरू केलं, ते हळूहळू सैल होत १९५९ पर्यंत चाललं. अंड्यांची पावडर, मांस नावापुरतं. काळीज वाटून करायचा युरोपीय पदार्थ लोक वांगी तळून करू लागले, आणि ती वांगी आजही दुकानात डब्यात मिळतात. तांदूळ नव्हता, आणि पूर्वेकडून आलेल्यांना भाताशिवाय चालेना. तेव्हा बेन-गुरियन यांच्या सांगण्यावरून ओसेम कंपनीने गव्हाच्या पिठाचे तांदळाच्या आकाराचे दाणे करून भाजून विकायला काढले. ते पटीटिम. लोक त्याला 'बेन-गुरियनचा भात' म्हणत. आता ते गोल मोत्यांसारखे मिळतात आणि शाळकरी मुलांना अतिशय आवडतात. पंतप्रधानाच्या सांगण्यावरून झालेला आणि सगळ्या समाजांनी एकाच टंचाईत खाल्लेला पदार्थ. राष्ट्रीय पदार्थ म्हणून एकच नाव द्या असा कुणी हट्ट धरला तर मी फलाफल सोडून पटीटिमचं देईन. श्निट्झेलचंही तसंच: व्हिएन्नात ते वासराच्या मांसाचं, इथे गोमांस परवडेना म्हणून कोंबडीचं आणि टर्कीचं झालं, आणि तसंच राहिलं.

कायद्यानेही ताटात हात घातला. १९६२ च्या कायद्याने डुकरं पाळण्यावर ठरावीक ख्रिस्ती वस्त्यांचे भाग सोडून बंदी आली. १९८६ च्या कायद्याने पेसाहच्या दिवसांत, म्हणजे खमिराची भाकरी-पाव वर्ज्य असतात त्या सणात, ज्यू वस्तीत असा माल विक्रीसाठी दर्शनी मांडायला मनाई केली. १९९० च्या दशकात सोव्हिएत देशांतून दहा लाखांच्या घरात लोक आले, त्यांना हे बंधन जाचक वाटलं, डुकराचं मांस विकणारी दुकानं निघाली, भांडणं झाली. तुम्ही 'ओळख' म्हणता ती या भांडणांत जास्त स्पष्ट दिसते. डुकराचं मांस खाणारा रशियन ज्यू आणि न खाणारा येमेनी ज्यू दोघंही जाणतात की प्रश्न चवीचा नाही, 'आपण कोण' याचा आहे. उलट स्वातंत्र्यदिनी मात्र दोघं एकाच बागेत कोळशावर मांस भाजताना दिसतील. जेरुसलेमच्या सॅकर पार्कमध्ये त्या दिवशी धुराने समोरचं दिसत नाही, लोक पुठ्ठ्याने कोळसा वारत बसलेले असतात. त्या जेवणाला धर्माने काही सांगितलेलं नाही. ते पूर्णपणे राष्ट्राचं आहे.

आता ज्या भागाबद्दल मी आधी म्हटलं होतं तो. या ओळखीची किंमत काहींनी मोजली आहे आणि ते लपवून चालणार नाही. फलाफल इजिप्तमध्ये आणि सगळ्या शाम प्रदेशात, म्हणजे सीरिया-लेबनॉन-पॅलेस्टाईनच्या पट्ट्यात होतं, हमस आणि झातार पॅलेस्टिनी घरांत पिढ्यान् पिढ्या होते. येमेनी ज्यूंनी गाड्यांवर फलाफल विकलं, पुढे त्यावर कागदी झेंडा खोचलेली पर्यटकांची पोस्टकार्डं निघाली, आणि ज्यांच्याकडून ते शिकलो त्यांचं नाव त्या कार्डावर नव्हतं. पदार्थ उचलला याचा राग जितका नसतो तितका नाव पुसल्याचा असतो, हे मी माझ्या अरब भाजीवाल्याकडून अनेकदा ऐकलं आहे, आणि मला ते पटतं. झातारचं तर आणखी तीव्र आहे. ही रानात उगवणारी वनस्पती १९७७ मध्ये संरक्षित ठरवून खुडायला बंदी केली, कारण पर्यावरणाचं सांगितलं गेलं. पण डोंगरावर जाऊन झातार खुडणं हा ज्यांच्या घरचा रिवाज, त्यांना दंड भरावा लागला. माझ्या दृष्टीने, कारण कितीही खरं धरलं तरी ओझं एकाच बाजूवर पडलं.

हमसवरचं भांडण जगाने पाहिलं. जानेवारी २०१० मध्ये अबू घोश या इस्रायलमधल्या अरब गावाने चार टनांहून अधिक हमस करून विक्रम केला. मे महिन्यात लेबनॉनने १०,४५२ किलोचं ताट भरून तो मोडला. आकडा मुद्दाम निवडला होता, लेबनॉनचं क्षेत्रफळ तितके चौरस किलोमीटर. बातम्यांत हा सामना 'इस्रायल विरुद्ध लेबनॉन' असा आला, पण इस्रायलच्या बाजूने उतरलं होतं ते अरबांचं गाव. तुमच्या प्रबंधात हे उदाहरण घेणार असाल तर हा तपशील गाळू नका.

किंमत ज्यूंमधल्या काहींनीही मोजली. इराक, येमेन, मोरोक्कोहून आलेल्यांना पन्नाशीच्या दशकात छावण्यांत ठेवलं, तिथल्या जेवणात त्यांच्या चवीचं काही नसे, आणि युरोपीय वळणाच्या आहारतज्ज्ञ बायका त्यांना 'योग्य' कसं खावं हे शिकवत. आज त्याच लोकांचे मसाले महागड्या हॉटेलांत आहेत. पेसाह संपल्यावरची मोरोक्कन मिमूना, तिच्या लोणी-मधाच्या मुफलेटा पोळ्यांसकट, आता राजकारणी झाडून हजेरी लावतात अशी झाली आहे. इथिओपियन ज्यूंच्या सिग्दला २००८ मध्ये कायद्याने राष्ट्रीय सणाचा दर्जा मिळाला. म्हणजे 'राष्ट्रीय' या ताटात जागा मिळवावी लागते, ती आपोआप वाढली जात नाही.

अमेरिकेबद्दल थोडंच सांगते, कारण तिथे राष्ट्र आपलं नाही, समाज आपला आहे, आणि ओळख टिकते ती दुसऱ्याच्या बाजारात कोशेर शिक्का शोधून. १९३५ मध्ये अटलांटाचे रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, टोबायस गेफेन यांनी घटक तपासून, त्यातले दोन बदलायला लावून कोका-कोला कोशेर ठरवला. अमेरिकन होता यावं पण नियमही सुटू नये, ही तिथली धडपड त्या एका बाटलीत दिसते.

इथवरचं थोडक्यात: नियम आणि पंचांग यांनी विखुरलेल्या लोकांना जोडलं, टंचाई, सैन्य आणि कायदा यांनी त्यावर राष्ट्राचा साचा बसवला, आणि तो बसवताना काहींची नावं पुसली गेली. आता मलिदा.

आमच्या लोकांची आठवण अशी की पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. गावात त्यांना शनिवार तेली म्हणत, कारण घाणा शनिवारी बंद. ग्रंथ नव्हते, हिब्रू फारशी उरली नव्हती. मग सण कसे टिकले? खाण्याच्या नावाने. नववर्ष म्हणजे नव्याचा सण. त्यानंतर थोड्याच दिवसांत खिरीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवसाला वालाचं बिरडं जोडलेलं. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत ही नावं आहेत आणि माझ्या आजीच्या तोंडी ती होती. शतकानुशतकं ज्यू कॅलेंडर कोकणातल्या वालांवर आणि नव्या धान्यावर तगून राहिलं. अन्नाने ओळख कशी घडते याचं याहून नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही.

मलिदा हा आमचा नवसाचा आणि आभाराचा विधी. एलियाहू हनबी, म्हणजे संदेष्टा एलिया, यांच्या नावाने. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्यांच्या रथाच्या चाकांच्या खुणा म्हणून एक खडक दाखवतात, तिथे लोक आजही नवस फेडायला जातात, इस्रायलहूनसुद्धा. पोहे धुऊन निथळून घ्यायचे, त्यात साखर किंवा गूळ, खवलेला ओला नारळ, वेलदोडा, सुका मेवा. मोठ्या ताटात त्याची रास, भोवती फळं. मग प्रार्थना, आणि प्रत्येक फळावर त्याची वेगळी ब्राखा, म्हणजे आशीर्वचन: झाडाच्या फळाला एक, जमिनीतून येणाऱ्याला दुसरं. केळं आपण झाडाचं समजतो, पण ज्यू कायद्यात ते जमिनीच्या फळांत जातं, आणि मलिद्याच्या ताटासमोर आमची लहान मुलंसुद्धा ते बरोबर सांगतात. पोहे कोकणातले, नारळ कोकणातला, मलिदा हे नाव मुसलमान शेजाऱ्यांच्याही दर्ग्यात ऐकू येणारं. आशीर्वचनं मात्र हिब्रू, क्रम ज्यू कायद्याचा.

इस्रायलला आल्यावर आमच्या लोकांवर अवघड प्रसंग आला. १९६२ मध्ये इथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलींची लग्नं नोंदवताना वंशावळ तपासायला सांगितलं, म्हणजे ज्यू असण्यावरच शंका. आमच्या माणसांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, उपोषणं केली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. ज्या पिढीने हे सोसलं त्यांच्यातल्या काहींनी मलिदा घरातच, आतल्या आत ठेवला, उगाच 'भारतातलं काहीतरी' दिसायला नको म्हणून. त्यांची नातवंडं आता मला फोन करतात: हळदी-मेहंदीच्या आदल्या दिवशी मलिदा हवा, सभागृहात, सगळ्यांसमोर, मोरोक्कन सासरच्यांनाही ब्राखा म्हणता येईल असा छापील कागद हवा. पोहे लोद, रामले, दिमोनाच्या भारतीय दुकानांत मिळतात. मशगियाह पोहे चाळून बघतो, नारळ बघतो, आणि दाखला देतो.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर: दोन रकाने असतील तर मलिदा दोन्हीकडे लिहा, आणि तळटीप देऊ नका, मजकुरातच लिहा का ते. भारतात तो आम्हाला शेजाऱ्यांपेक्षा वेगळं ठेवत होता, इथे तो आम्हाला इतर ज्यूंपेक्षा वेगळं ठेवतो. पदार्थ तोच, सीमा बदलली.

मुलाखती घ्यायला जाल तेव्हा 'तुमचा पारंपरिक पदार्थ कोणता' असं विचारू नका, सगळे ठरलेली नावं सांगतील. शुक्रवारी दुपारी घरी जा. चुलीवर काय चढलंय, ते कधी उतरणार, दुधाची भांडी कुठे ठेवलीत, सुनेच्या माहेरचं काय आलं आणि सासूने कशाला नकार दिला ते बघा. पेसाहच्या दिवसांत तांदूळ कुणाच्या घरी शिजतो आणि कुणाच्या नाही हे जरूर विचारा. आमच्याकडे आणि इराककडच्या बहुतेकांकडे कडधान्याबद्दल वेगवेगळ्या रीती असल्या तरी भात वर्ज्य मानत नाहीत अशी घरं भरपूर आहेत, पोलंड-रशियाकडच्या कर्मठ घरांत मात्र त्या आठवड्यात भात आणि कडधान्य नाहीच. असा जावई आला की त्या सात दिवसांत पंगतीत दोन वेगळी पातेली ठेवावी लागतात, आणि कुणाचं पातेलं मधोमध ठेवायचं यावर मी घरं तासन्‌तास बोलताना पाहिली आहेत. तेवढं बोलणं टिपून घ्या. आणि हेच प्रश्न एखाद्या अरब घरातही विचारा, त्याच आठवड्यात.